तारीख कोणत्या देशाची?

शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवारचा. शासनमान्य इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. युनिक्स धर्तीच्या संगणकावर आज्ञा टंकून चालणाऱ्या ‘कॅल’ या दिनदर्शिकेकडे तो महिना मागितला, तर १९ हा आकडा शुक्रवारच्याच रकान्यात पडतो. तिच्याच कुळातील ‘एनकॅल’ला पोर्तुगाल हा देश सांगून तोच महिना मागावा, १९ तारखेला मंगळवार येतो! उतावळा विद्यार्थी एवढ्यावरून शकावलीच चुकीची ठरवील.

चूक कोणाचीच नाही. पोप तेरावे ग्रेगरी यांची कालगणना पोर्तुगालने १५८२ मध्येच स्वीकारली व ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजला. इंग्लंडने हा बदल केला १७५२ मध्ये. तेथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला, आणि ‘कॅल’ त्या महिन्यातील ११ तारखा आजही गाळते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची. नव्या गणनेने तो शुक्रवार १ मार्चचा.

‘एनकॅल’जवळ अशा देशांची सारणी आहे. देश सांगितला नाही, तर ती संगणकाच्या भाषा-देश मांडणीवरून तर्क करते; तोही न जमल्यास इंग्लंडचे १७५२ धरते. सारणीत भारत नाही. आपल्या वाट्याला इंग्लंड येते ते असे, आणि कोणी विचारीतही नाही.

भारत हे नाव सारणीत घालून मात्र भागणार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे इंग्रज आणि वसईचे पोर्तुगीज एका खाडीपलीकडे राहून ११ दिवसांच्या अंतराने तारखा लिहीत होते. गोव्याहून २० तारखेला निघालेले पत्र सहा दिवसांच्या प्रवासानंतर मुंबईत त्याच महिन्याच्या १५ तारखेला दाखल होई! वसईच्या मोहिमेची कागदपत्रे चाळणाऱ्याला येथे देशाचे नाव काय उपयोगाचे? कागद कोणाच्या कचेरीतला, हे त्याला आधी पाहावे लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जुना महिना छापताना या दिनदर्शिकेने गृहीत धरलेली गणना माथ्यावर एका ओळीत लिहावी. कार्यक्रम रचणाऱ्याला हे काम फार तर एका दुपारचे आहे. तोवर इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात १६३० चा फेब्रुवारी दोन्ही गणनांनी छापून दाखवावा.