सणाला शेजार लागतो!

मागच्या महिन्यात आमच्या मेसमध्ये एक चर्चा ऐकली. फायनल इयरच्या एका ताईचं जपानमधल्या कंपनीत सिलेक्शन झालं. अभिनंदन झालं, पेढे झाले आणि लगेच सगळ्यांचा सल्ला सुरू. "तिकडे इंडियन लोक कुठे राहतात ते आधी बघ. तिथेच घर घे, म्हणजे गणपती-दिवाळी मिस होणार नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र वरणभात कालवत गप्प बसले. मला जे म्हणायचं होतं ते मेसच्या गोंधळात मावणारं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. शाळेतली तीन वर्षं मात्र कॉन्व्हेंटमध्ये गेली नाहीत. २०१२ ते २०१५ बाबांची बदली जपानला होती आणि आम्ही योकोहामाच्या एका उपनगरात राहत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही सोडून सगळे जपानी. मी आणि माझा धाकटा भाऊ तिथल्याच साध्या सरकारी शाळेत जायचो.

पहिले चार महिने आम्हीही तेच केलं, जे त्या ताईला सगळे सांगत होते. शनिवार उजाडला की ट्रेन पकडून तासाभराहून जास्त प्रवास करून टोकियोच्या निशि-कासाईला जायचं. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता घ्यायचा, ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे जेवायचं, गप्पा मारायच्या आणि रविवारी रात्री परत. शनिवार-रविवार मजेत जायचे. पण सोमवार ते शुक्रवार? बाबा ऑफिसात, आम्ही शाळेत आणि आई चार भिंतींत. दारावरची बेल कधी वाजायचीच नाही.

एकदा वाजली, ती आमच्या चुकीमुळे! तिकडे प्रत्येक वस्तीचं 'चोनाइकाइ' असतं, म्हणजे आपल्या गल्लीतल्या मंडळासारखं. त्यांच्या सूचना एका पॅडला लावून घरोघरी फिरवतात. आपण वाचायचं, शिक्का किंवा सही करायची आणि पुढच्या घरी द्यायचं. याला 'काइरानबान' म्हणतात. आईला वाटलं, हे पॅड आपल्यालाच दिलंय. तिने ते चार दिवस फ्रिजवर ठेवलं! शेवटी शेजारच्या आजी विचारायला आल्या. आम्ही त्यांना 'ओबाआसान'च म्हणायचो, जपानीत आजीला तसंच म्हणतात. त्यांनी खाणाखुणा करून सांगितलं, की ऑगस्टमध्ये वस्तीचा उत्सव आहे आणि कामाला माणसं हवी आहेत.

माझ्या मते आमचं जपानमधलं राहणं त्या दिवशी सुरू झालं.

उत्सवाला आम्ही 'बघायला' गेलो नाही. आईला बर्फाच्या गोळ्याच्या स्टॉलवर उभं केलं. तिकडे त्याला 'काकिगोरी' म्हणतात, पण सरबत ओतलेला चुरा केलेला बर्फ तो बर्फच! बाबांना कागदी कंदिलांच्या वायरी ओढायला दिल्या. आम्ही मुलं छोटी 'मिकोशी' घेऊन निघालो. मिकोशी म्हणजे तिथल्या देवाची पालखी. सगळे "वाश्शोइ, वाश्शोइ" ओरडत होते आणि माझा भाऊ मध्येच "मोरया!" ओरडला. कुणालाच काही खटकलं नाही. रात्री मधल्या मचाणाभोवती गोल धरून सगळ्यांचा 'बोन' नाच झाला. आणि संपल्यावर? कुणीही घरी गेलं नाही. सत्तरीच्या आजोबांपासून पहिलीतल्या मुलांपर्यंत सगळ्यांनी कचरा वेचला आणि वेगवेगळा करून पिशव्यांत भरला. त्या दिवशी आई पहिल्यांदा दमून, हसत घरी आली.

त्याच वर्षी एक गंमत झाली. १५ नोव्हेंबरला तिकडे 'शिचि-गो-सान' असतं. म्हणजे सात-पाच-तीन. मुली तीन आणि सात वर्षांच्या झाल्या, मुलगे तीन आणि पाच वर्षांचे झाले, की त्यांना देवळात नेतात. मी सात वर्षांची, भाऊ पाच! आणि २०१२ साली भाऊबीजही नेमकी १५ नोव्हेंबरलाच आली होती. बरेचसे जपानी लोक जवळचा शनिवार-रविवार गाठतात, तसं ओबाआसानने आम्हाला रविवारी देवळात नेलं. त्यांच्या लेकीचा जुना किमोनो मला नेसवला. मुलांना तिथे 'चितोसे-आमे' नावाची लांबलचक गोळी देतात. नावाचा अर्थ हजार वर्षांची गोळी, आणि पिशवीवर दीर्घायुष्याचे म्हणून क्रौंच आणि कासव. आईने गुरुवारी मला भावाला ओवाळायला लावलं होतं तेही त्याच्या आयुष्यासाठीच. मागणं दोन्हीकडे एकच, फक्त कासव आपल्याकडे देवळाच्या दारात असतं आणि त्यांच्याकडे गोळीच्या पिशवीवर!

दिवाळीत ओबाआसान आमच्याकडे आल्या होत्या. शंकरपाळा खाऊन म्हणाल्या, "कारिंतो!" तो त्यांच्याकडचा तळलेला गोड खाऊ. फटाके आमच्याकडे नव्हतेच. जपानमध्ये ते उन्हाळ्यात उडवतात, तर त्यांनी घरातल्या उरलेल्या बारीक फुलबाज्या आणल्या आणि शेजारी पाण्याची बादलीही! मग त्यांनी आईला विचारलं, "हा सण कशासाठी?" आईची पंचाईत झाली. तिने वर्षानुवर्षं दिवाळी केली होती, पण कुणाला समजावून सांगितली नव्हती. तिने पुण्याला स्काइप लावला आणि माझ्या आजीला विचारलं. आजी वसुबारसेपासून सुरू झाली. आई तोडक्यामोडक्या जपानीत सांगत गेली आणि स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना दोन आज्या एकमेकींकडे बघून माना हलवत राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक सणाला हा कार्यक्रम ठरलेलाच.

आता मुख्य मुद्दा. "त्यांचे सण करत बसलो तर आपली मुलं आपले विसरतील," असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. आपल्याच माणसांत सण केला की कुणी 'का' विचारत नाही. परक्याने विचारलं की आपल्याला शोधावं लागतं. मला वसुबारस, नरकचतुर्दशी, पाडवा हे सगळं क्रमाने पाठ आहे ते त्या स्काइपमुळे, आणि मला नाही वाटत हॉस्टेलमधल्या निम्म्या जणांना तरी ते पाठ असेल. (रागावू नका, पैज लावा!)

आमच्या सहलींचंही तसंच झालं. आधी आम्ही गाइडबुक घेऊन फिरायचो. कामाकुराचा ब्राँझचा मोठा बुद्ध बघितला, फोटो काढला, परत. मग २०१३ च्या वसंतात शेजाऱ्यांबरोबर 'हानामी'ला गेलो. चेरीच्या झाडाखाली निळी प्लॅस्टिकची शीट अंथरायची, चपला शीटबाहेर काढायच्या आणि दिवसभर बसायचं. आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी हातोहात संपली. आम्ही शाकाहारी म्हणून ओबाआसानने आमच्यासाठी फक्त उमेबोशी घातलेले भाताचे गोळे आणले होते. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, अगदी आपल्या लिंबाच्या लोणच्याची बहीण! आणि एकदा त्या आम्हाला टोकियोत आसाकुसाजवळच्या मात्सुचियामाच्या देवळात घेऊन गेल्या. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे तिकडे पोचला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत आणि नैवेद्य काय, तर मुळा! बाबांनी मनोभावे मुळा वाहिला. कुठल्याही गाइडबुकने आम्हाला हे दाखवलं नसतं.

सगळं गोड-गोड होतं असं नाही. आमच्या फोडणीच्या वासाची एकांनी तक्रार केली होती. ट्रेनमध्ये बाबांच्या शेजारची सीट कधीकधी रिकामीच राहायची. माझ्या भाषेला वर्गात हसायचे. पण तक्रार करणारे तेच काका पुढच्या उत्सवात आईच्या स्टॉलवर बर्फ फोडायला होते. त्यानंतर तक्रार आली नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, माझी आजी गेली. बाबा एकटेच पुण्याला गेले. आई आणि आम्ही दोघं तिकडेच. निशि-कासाईच्या मंडळींचे फोन आले, ती खरंच जिव्हाळ्याची माणसं होती, पण वार बुधवार आणि अंतर तासाभराहून जास्त. दारात सर्वांत आधी उभ्या होत्या त्या ओबाआसान. हातात पांढरी फुलं आणि काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं पाकीट. तिकडे दुःखाच्या घरी असं पाकीट देतात. आई घ्यायला तयार नव्हती, पण त्यांनी ते तिच्या हातात ठेवून तिचा हात मिटला. मग आम्हाला त्यांच्या घरी नेलं, त्यांच्या देव्हाऱ्यासमोर बसवलं, उदबत्ती लावली आणि छोटी घंटा वाजवली. ज्या आजीला त्या फक्त स्क्रीनवर भेटल्या होत्या, तिच्यासाठी.

त्या वर्षी आम्ही दिवाळी केली नाही. ओबाआसानला का ते सांगावं लागलं नाही. त्यांच्यातही घरात मृत्यू झाला की त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा देत-घेत नाहीत. १ जानेवारीला त्या भेटल्या तेव्हा 'अभिनंदन' हा शब्द त्यांनी टाळला. "याही वर्षी लोभ असू द्या," एवढंच म्हणाल्या.

मी खूपदा विचार करते, की आम्ही ते काइरानबान नुसतं पुढे सरकवलं असतं तर? त्या बुधवारी बेल वाजली असती का? ज्यांच्या मांडवात आपण कधी गेलो नाही, त्यांनी आपल्या दुःखात यावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

मी महाराष्ट्र मंडळांच्या विरोधात नाही. टोकियोत मराठी मंडळ आहे आणि असायलाच हवं. उकडीचा मोदक आणि मातृभाषा दोन्ही लागतातच. पण तेवढंच पुरत नाही. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले. निशि-कासाई याच वॉर्डात येतं. तिथे मत जपानी नागरिकांनाच देता येतं, म्हणजे जपानी शेजाऱ्यांनी त्यांना आपलं मानलं, तेव्हाच हे झालं ना?

तेव्हा ताई, तू जपानला जरूर जा. निशि-कासाईलाही जा, तूरडाळ लागतेच! पण राहशील तिथल्या उत्सवात एक काम मागून घे.

आणि ज्यांना इथेच राहायचंय त्यांच्यासाठी शेवटचं. आपल्या हॉस्टेलमध्ये मणिपूर, केरळ, नेपाळहून आलेले मित्रमैत्रिणी आहेत. आपल्या गणपतीत आपण त्यांच्याकडून वर्गणी घेतो आणि हातावर प्रसाद ठेवतो. त्यांच्या ओणमला आपण पायसम खाऊन मोकळे! या वर्षी जरा वेगळं करू. आरासीचं एक काम त्यांना देऊ. आणि त्यांच्या सणाला ताटावर बसण्याआधी विचारू, "आम्ही काय करू?"

संपल्यावर झाडू मारायलाही थांबू. पटतंय का?