दिसत नाही म्हणून...

परवा मावशी म्हणाली, "दिसायला तर ठणठणीत आहेस की!" खरंय. मल्टिपल स्क्लेरोसिस चेहऱ्यावर दिसत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडते, वायरचं प्लास्टिक सोलावं तसं. मग संदेश अडखळतात. उन्हाळ्यात तर इथे राळेगणसिद्धीत एसटीतून उतरून घर गाठेपर्यंत पाय शिशाचे होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ अपंगत्वांत या आजाराला जागा दिली. घरात मात्र त्याचं नाव अजून 'आळस'च!

१९७५ नंतर आमचं गाव पाणी अडवायला, जपून वापरायला शिकलं. माझी ताकदही तशीच मोजकी. सकाळी भाकरी थापल्या, तर दुपारी धुणं नाही. कीव नको, एवढा हिशोब समजून घ्या.

असो.