हिल गेला, अपेक्षा तिथेच राहिली

आज उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं घेतोय. म्हणजे मेस्सीवाला नाही, हेल्मेट घालून खेळतात तो. त्यात क्वार्टरबॅक बॉल फेकतो आणि पुढे सुसाट पळत जाऊन तो झेलणारे गडी म्हणजे वाइड रिसिव्हर.

कॅन्सस सिटी चीफ्सकडे टायरीक हिल नावाचा रिसिव्हर होता. तो पळायला लागला की बाकीचे बघत राहायचे. मार्च 2022 मध्ये चीफ्सने त्याला मायामी डॉल्फिन्सला देऊन टाकलं आणि बदल्यात नवे खेळाडू निवडायचे 5 हक्क घेतले. मायामीने त्याच्याशी 4 वर्षांचा, 12 कोटी डॉलरचा करार केला. या लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. एकालाच एवढं दिलं तर बाकीच्यांना काय देणार? हिशोब सरळ होता.

फॅन्सना मात्र हिलच पाहिजे होता. माणूस दुसरा चालेल, पण खेळ त्याचाच! पहिल्या वर्षी नव्या गड्यांसोबत सुपर बोल जिंकला, ईगल्सना 38-35 हरवून, म्हणून सगळे गप्प बसले. 2023 मध्ये पहिल्याच सामन्यात कडेरियस टोनीच्या हातातून बॉल सुटले. एक तर थेट लायन्सच्या खेळाडूने पकडला आणि टचडाउन केला. 21-20 ने हार. पुढे ईगल्सविरुद्ध मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंगने सामना फिरवणारा बॉल सोडला. डिसेंबरमध्ये बिल्सविरुद्ध टोनी रेषेच्या पुढे उभा राहिला आणि अख्खा टचडाउन रद्द झाला. झालं, पुन्हा ओरड सुरू, मोठा स्टार आणा.

माझं स्पष्ट मत सांगतो. फॅन्सचा राग बरोबर होता, मागणी चूक होती. हातात आलेला बॉल झेलायला आणि रेषेच्या मागे उभं राहायला स्टार लागत नाही. ते रोजचं काम आहे, त्यात सूट नाहीच. पण प्रत्येकाला हिलच्या मापाने मोजलं तर रशी राइस कसा दिसणार? त्याच सीझनमध्ये या नवख्या पोराने 79 बॉल झेलून 938 यार्ड काढले. आणि हिलच्या बदल्यात मिळालेला एक हक्क पुढे करून घेतलेला ट्रेंट मॅकडफी बचावात उभा होता. तो तर रिसिव्हरच नाही, मग त्याचा हिशोब फॅन्स कुठे धरणार!

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या दुकानातला जुना सेल्समन सोडून गेला तेव्हा नव्या पोराला मी दिवसातून चार वेळा ऐकवायचो, ‘तो असता तर हे गिऱ्हाईक परत गेलं नसतं.’ पोरगा बिल चुकवायचा, ते खरंच होतं. पण बिलाचं मी एकदाही नीट बसून शिकवलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये रेव्हन्सविरुद्ध सामना पक्का करणारा 32 यार्डांचा बॉल झेलला तो त्याच वाल्डेस-स्कँटलिंगने. फायनलमध्ये 49अर्सविरुद्ध शेवटचा टचडाउन मेकोल हार्डमनचा. हा गडी चीफ्स सोडून गेला होता आणि सीझनच्या मध्यात परत आला होता. टोनी मात्र त्या दिवशी खेळला नाही.

माझ्याकडचा तो पोरगा दोन महिन्यांत निघून गेला. आता समोरच्याच गल्लीतल्या दुकानात काउंटर सांभाळतो. परवा तिथे काही घ्यायला गेलो होतो, बिल अगदी बरोबर दिलं.