बॅटरीच्या खोलीतला पंखा घड्याळावर नको, व्होल्टेजवर लावा

आजची नोंद डाळिंबाची नाही, वस्तीवरच्या बॅटरीच्या खोलीची आहे. जरा कडक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. या खोल्यांत माणसं झोपतात.

आधी एक साधा प्रश्न. ट्यूब्युलर बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर ओतता ना? मग आधीचं पाणी गेलं कुठं? थोडं वाफ होऊन गेलं. बाकीचं चार्जिंगच्या करंटनं फुटलं आणि त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाला. १ लिटर पाणी असं फुटलं की १,३०० लिटरच्या वर हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. गोबर गॅस गळला तर निदान नाकाला कळतं. हायड्रोजनला वासही नाही आणि रंगही नाही.

योजनेतला सौर पंप थेट पॅनेलवर चालतो, त्याला बॅटरी नसते. बॅटरी लागते ती वस्तीवरच्या घराला, झटका मशीनला, कॅमेऱ्याला, ठिबकच्या ऑटोमेशनला. ती आपण स्वतःच्या पैशानं, ओळखीच्या सोलरवाल्याकडून बसवून घेतो. तपासायला कुणी येत नाही. मग जागा कुठली मिळते? मोटारीची खोली. तिथंच खताची पोती, तिथंच सालगड्याचं कुटुंब, कोपऱ्यात चूल आणि फळीवर देवाचा दिवा. वरून उंदीर-पाली नकोत म्हणून सगळी भोकं सिमेंटनं बुजवलेली. ही काटकसर नाही राव, हा जुगार आहे, आणि डाव दुसऱ्याच्या लेकरांवर लावलेला आहे.

यावर सोलरवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं: "एक एक्झॉस्ट फॅन मारून देतो, झालं." माझं भांडण या "झालं"शी आहे. पंखा कधी चालू व्हायचा आणि कधी बंद व्हायचा, हे कोण ठरवणार? आमच्या भागात मला तीन पद्धती दिसल्या. तिन्ही तपासू.

पहिली, चोवीस तास चालू. यात गॅसचा धोका नाही, पण हिशेब बघा. ४० वॅटचा २३० व्होल्टचा पंखा दिवसरात्र चालला तर रोज जवळपास १ युनिट खातो. ४८ व्होल्ट १५० एएचच्या बँकेत भरलेली असताना ७.२ युनिट असतात, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे साडेतीन युनिटांतला एक पंख्याला गेला. भर मे महिन्यात हाच पंखा दुपारची ४२ अंशांची झळ खोलीत ओढतो. वर्षभरात धुरळ्यानं तो जाम होतो आणि बंद पडलेला कुणाला कळत नाही.

दुसरी, टायमर. सकाळी १० ला चालू, ४ ला बंद. आभाळ भरलेल्या दिवसांत बॅटरी त्या पातळीला पोचतच नाही, पंखा फुकट फिरतो. पण पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही म्हणून तुम्ही रात्री जनरेटर लावून बँक भरता, तेव्हा गॅस रात्री ११ ला निघतो आणि टायमर झोपलेला असतो. माणसंही त्याच वेळी झोपलेली असतात.

तिसरी, थर्मोस्टॅट. ही सगळ्यात फसवी, कारण दिसायला शास्त्रीय. ३८ अंशाला चालू केला की मालक खूश. पण गॅस खोलीच्या तापमानावर ठरत नाही, चार्जिंगवर ठरतो. थंडीत खोली १५ अंशावर असताना चांगला चार्ज कंट्रोलर व्होल्टेज मुद्दाम वाढवतो. गॅस निघत राहतो आणि थर्मोस्टॅट ३८ अंशांची वाट बघत बसतो. डिसेंबर-जानेवारीत कडक ऊन, गार हवा आणि दारं-खिडक्या बंद. पंख्याची खरी गरज तेव्हाच, आणि तेव्हाच तो थांबलेला.

आता गॅस निघतो कधी ते बघा. लेड-अॅसिडचा सेल २५ अंशांना साधारण २.३५ ते २.४ व्होल्टच्या वर गेला की जोरात उकळी येते. ४८ व्होल्टच्या बँकेत २४ सेल, म्हणजे ५६.४ ते ५७.६ व्होल्ट. उन्हाळ्यात हा आकडा खाली येतो, ४० अंशांना साधारण दीड व्होल्टनं. हे सगळं बॅटरीच्या टर्मिनलवर मोजता येतं. मग गॅसचा निरोप थेट मिळत असताना तो घड्याळाला का विचारायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पंखा बॅटरीच्या व्होल्टेजवर चालवा. बऱ्याच चार्ज कंट्रोलरमध्ये जास्तीचा रिले असतो. नसेल तर व्होल्टेज बघणारा वेगळा रिले मिळतो. ४८ व्होल्टच्या बँकेला ५५.२ वर चालू, ५२.८ वर बंद. २४ व्होल्टला याच्या निम्मे, १२ व्होल्टला पाव. दोन आकड्यांत अंतर ठेवायचंच, नाहीतर ढग आला-गेला की रिले टकटक करत बसेल. बंदचा आकडा आल्यावरही पंखा आणखी तासभर चालू द्या, कारण प्लेटांना चिकटलेले बुडबुडे सावकाश सुटतात. फ्लोटवर तो चालू राहिला तरी बिघडत नाही. जनरेटर रात्री लावा, नाहीतर इक्वलायझेशन करा, पंखा आपोआप सुरू होणार.

"एवढं करायला मोठा पंखा लागेल" असं कुणी म्हणालं तर त्याला कागद-पेन्सिल द्या. आयईसी ६२४८५-२ या आंतरराष्ट्रीय मानकातलं सूत्र पाण्याच्या बॅटरीला जोराच्या चार्जिंगसाठी लावलं तर सोपं होतं: सेलची संख्या गुणिले एएच, भागिले १,०००. उत्तर येतं ते तासाला किती घनमीटर हवा हवी ते. १५० एएचच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ गुणिले १५० भागिले १,०००, झाले ३.६ घनमीटर. चार ओळखीच्या अंकांचं गणित. दोन ओळी समांतर असतील तर दुप्पट धरा. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा, ३ वॅटच्या आसपासचा ब्रशलेस पंखा याच्या कितीतरी पट हवा देतो. दिवसाला चार-सहा तास चालला तर १५-२० वॅट-तास. त्या ४० वॅटच्या पंख्याशी तुलना तुम्हीच करा.

आणि पंख्याच्या आधी भोक. याच मानकात बिनपंख्याच्या वाऱ्यासाठी हिशेब आहे: वरच्या उत्तराला २८ नं गुणायचं. आपले ३.६ गुणिले २८ म्हणजे साधारण १०० चौरस सेंटीमीटर. एवढं एक भोक खाली आणि समोरच्या भिंतीत एवढंच वर, अगदी छताला लागून. ४ इंची पाइपाचं तोंड ८० चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे एक पाइप कमी पडतो, दोन घाला. कांदाचाळीला खालून हवा ठेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग बॅटरीलाच का कोंडता? पंखा कधीतरी जळणारच. त्या दिवशी भोक राखण करतं.

हे टाळलं तर काय? चार्ज कंट्रोलर बिघडला आणि २० अॅम्पिअर करंट भरलेल्या बँकेत घुसत राहिला, तर २४ सेल तासाला २०० लिटरच्या वर हायड्रोजन सोडतात. ८ फूट लांब, रुंद, उंच अशी बंद खोली पावणेतीन तासांत ४ टक्क्यांवर जाते. पत्र्याखालचा थर त्याच्याही आधी.

बसवताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी:

१. पंखा खालच्या भोकात, बाहेरची हवा आत ढकलणारा. गॅस मोटारीतून ओढायचा नाही.
२. १२ व्होल्टच्या पंख्यासाठी चारपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढू नका. ती एकटी उतरते आणि बाकीच्या तीन जास्त चार्ज होऊन जास्त गॅस सोडतात. ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा, फ्यूजसकट.
३. रिले, स्विच, इन्व्हर्टर बॅटरीच्या वर नको. गॅस वर जातो, ठिणगी तिथं नको.
४. भोकाला जाळी लावा आणि महिन्यातून एकदा बघा. कुंभारमाशी चिखलाचं घर करून पाइप बुजवते.
५. वरच्या भोकाला कागदाची पट्टी टांगा. पंखा चालू असताना ती हलली पाहिजे. जमलं तर हवा थांबली की चार्जिंग थांबेल अशी जोडणी करून घ्या.

थर्मोस्टॅट अगदी टाकाऊ आहे असं नाही. लिथियम फॉस्फेटची बँक नेहमीच्या चार्जिंगमध्ये हायड्रोजन सोडत नाही. तिथं पंखा उष्णतेसाठीच असतो, आणि उष्णतेला थर्मोस्टॅट योग्य. लेड-अॅसिडलाही उष्णता मारते, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. पण त्यासाठी हवा पहाटेची घ्या, दुपारची नको. आणि "सीलबंद आहे, गॅस येत नाही" हेही अर्धंच खरं. जास्त चार्ज झाली की तिचाही व्हॉल्व्ह उघडतो.

कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनाही सांगणं आहे. ऑटोमेशनच्या अंदाजपत्रकात सेन्सर, व्हॉल्व्ह, फिल्टर सगळं लिहिता, तिथंच बॅटरीच्या खोलीची दोन भोकंही एका ओळीत लिहा. त्याला सबसिडी लागत नाही, छिन्नी-हातोडा लागतो.

आणि शेतकरी बांधवांनो, ज्यांची खोली बंद आहे त्यांनी सालगड्याची खाट आणि देवाचा दिवा आज संध्याकाळीच बाहेर काढा. भोकं उद्या सकाळी पाडा. रिले आठवड्यानं आला तरी चालेल.