पहिल्या पसंतीची बेडी

दहावी-बारावीचे निकाल लागले की वऱ्हाडातल्या घराघरांत एकच प्रश्न निघतो: पोराला कोणत्या लाइनीला घालायचे? हा प्रश्न घरगुती समजला जातो आणि म्हणून तो पक्षाच्या विषयपत्रिकेवर कधी येत नाही. वस्तुतः तो पूर्णपणे राजकीय प्रश्न आहे. कोणत्या वयात, किती माहितीच्या आधारे आणि चुकल्यास कोणाच्या खर्चाने निवड करावयाची, हे ठरविणारे नियम शासन करते. आणि हे नियम सर्वांना सारखे दिसत असले तरी सर्वांवर सारखे पडत नाहीत.

नियमांचे स्वरूप आधी पाहू. २०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाला. तोवर अमरावती महानगरापुरती असलेली ही पद्धत त्यामुळे अचलपूर, चांदूरबाजार, धारणीपर्यंत पोहोचली. विद्यार्थ्याने दहापर्यंत पसंतिक्रम द्यावयाचे. त्यांतील पहिला मिळाला तर तो घेणे बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून तो बाद. अभियांत्रिकीच्या प्रवेशातही पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठते. तेथे पसंती नुसती महाविद्यालयाची नसते, महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोडीची असते. अठराव्या वर्षी, स्थापत्य म्हणजे काय, विद्युत म्हणजे काय, संगणकशास्त्रात शिकतात काय, यांतले काहीही न पाहता मुलाने सही करावयाची आणि ती सही पुढे सहजी पुसता येत नाही.

अशी घाईची आणि बांधून घेणारी निवड केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत नोव्हेंबरच्या सुमारास 'लवकर अर्ज' करण्याची प्रथा आहे. तिच्या एका प्रकारात प्रवेश मिळाला तर तेथेच जाण्याचे वचन विद्यार्थी आधी देतो. तेथील पुष्कळ विद्यापीठे मुख्य विषय दुसऱ्या वर्षाअखेर ठरवू देतात हे खरे. परंतु संगणक किंवा अभियांत्रिकीसारख्या चुरशीच्या विषयांसाठी अनेक ठिकाणी तो अर्जातच सांगावा लागतो. या प्रथेचा लाभ कोणाला होतो? ज्याला निरनिराळ्या विद्यापीठांच्या आर्थिक मदतीची तुलना करण्याची गरज नाही, त्याला. २००६ साली हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी, ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांना झुकते माप देते असे सांगून ती बंद केली. आणि इतर विद्यापीठे मागे येईनात म्हणून २०११ मध्ये पुन्हा सुरू केली. सदिच्छा स्पर्धेपुढे टिकत नाही, हाच त्यातील धडा.

आता हाच हिशेब अचलपूर-परतवाड्यात मांडून पाहावा. पुण्या-नागपुरातील सुखवस्तू घरातल्या मुलाला शाखा चुकली तर वाटा अनेक असतात: व्यवस्थापन कोट्यातील जागा, खाजगी विद्यापीठ, एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा. २०२० च्या टाळेबंदीत फिनले मिल थांबली, तेव्हा ज्याच्या घरची चूल मंदावली त्या कामगाराच्या मुलाला यांतली एकही वाट मोकळी नाही. मेळघाटातून वसतिगृहात उतरलेल्या कोरकू मुलीला तर नाहीच नाही. राज्य शासनाने २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले, ते योग्यच झाले. पण ही माफी केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांनाच आहे. अर्थात फेरीतून बाहेर पडणे म्हणजे सवलतीतूनही बाहेर पडणे. एक टप्पा उत्तीर्ण होऊन त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणारा विद्यार्थी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही सामान्यतः मुकतो. श्रीमंताची चूक अनुभव ठरते, गरिबाची चूक शिक्षा ठरते, ती अशी.

यावर उपाय म्हणून सांगितले जाते की, बाजार पाहून विषय निवडावा. हा सल्ला देणाऱ्यांनी बाजाराची स्मरणशक्ती तपासावी. गिरणी चालू असताना वस्त्रोद्योगाचे शिक्षण शहाणपणाचे वाटते. भोंगा थांबला की तोच मनुष्य अडाणी ठरतो. २०००-०१ मध्ये अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, तेव्हा संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी काय सोसले ते त्या पिढीला विचारावे. तरीही २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांवरील प्रवेशक्षमतेची मर्यादा उठविली, आणि मागणी असलेल्या संगणकाच्या जागा फुगविण्याचा मार्ग मोकळा झाला. नफ्याच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. परंतु आज अर्ज भरणारा मुलगा चार वर्षांनी बाजारात उभा राहील, तेव्हा त्या बाजाराने त्याला काही वचन दिलेले नसेल. बांधून घेतो तो विद्यार्थीच; बाजार मोकळाच राहतो.

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. मिळालेली जागा कोणीही केव्हाही नाकारू लागला तर फेऱ्या संपणार नाहीत, जागा अडून राहतील आणि वर्ग वेळेवर सुरू होणार नाहीत, असे ते म्हणतात. म्हणणे खोटे नाही. पण त्यातून एवढेच निघते की जागा बांधावी. विषय बांधावा असे निघत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास बऱ्याच अंशी सर्व शाखांना समान असतो. मग शाखेची अंतिम निवड त्या वर्षाअखेर, विषय पाहिल्यावर, का करू देऊ नये? आज दुसऱ्या वर्षाला शाखाबदल मिळतो तो जागा रिकामी असेल तर. आणि रिकाम्या राहतात त्या कोणाला नको असलेल्या शाखांतल्या. काही आयआयटींनी तर ही सोयही अलीकडे बंद केली. कारण दिले गेले विद्यार्थ्यांवरील ताणाचे! दार अरुंद असल्याने चेंगराचेंगरी होते म्हणून दारच भिंतीत बुजवावे, अशातला हा न्याय आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, गौण विषय, एका वर्षावर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका अशी मोठी फुलबाग कागदावर मांडली आहे. संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. पण तालुक्याच्या महाविद्यालयात विषय ठरतो तो अध्यापक कोणता शिल्लक आहे यावरून. पदे रिक्त, तासिका तत्त्वावरील प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर. अशा ठिकाणी 'निवडीचे स्वातंत्र्य' म्हणजे एकच पदार्थ शिजलेल्या खानावळीतला जेवणाचा फलक होय.

विषय एकदा घेतला की माणूस त्यात बंद होतो, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. वऱ्हाडाला हे दुसऱ्या कोणी सांगावयास नको. पापळच्या शेतकऱ्याचे पोर असलेल्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेत वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टरी केली, शिक्षणसंस्था उभी केली, आणि १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. बाजार पाहणाऱ्या कोणत्याही सल्लागाराने त्यांना वेद शिकू दिले नसते. कोठारी आयोगानेही पहिली दहा वर्षे सर्वांना सामान्य शिक्षण असावे, असा आग्रह याच जाणिवेने धरला होता.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. अभियांत्रिकीत शाखेची निवड पहिल्या वर्षानंतर. शाखा किंवा विषय एकदा बदलला तरी शुल्कमाफी आणि शिष्यवृत्ती चालू. प्रत्येक तालुक्यात शासकीय, विनामूल्य प्रवेश-मार्गदर्शन केंद्र. आणि रिक्त अध्यापकपदांची भरती. तिच्याविना बाकी सारे व्यर्थ.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपल्या कार्यकर्त्यांना एक काम आजही करता येण्यासारखे आहे. पुष्कळ मुले संगणक केंद्रावर घाईने अर्ज भरतात आणि 'मिळेल तेच वर लिहा' या सल्ल्याने सुरक्षित पर्याय पहिला टाकून स्वतःच अडकतात. पसंतिक्रमाचे गणित उलट आहे. जागा गुणवत्तेनुसार दिली जाते. अवघड इच्छा वर लिहिल्याने खालची संधी कमी होत नाही. म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमाने यादी करावी, आणि मिळाले तर घेणार नाही असे काहीही पहिल्या क्रमांकावर लिहू नये. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक शाखेने एक टेबल, दोन जाणते कार्यकर्ते आणि मागील वर्षाच्या गुणांच्या याद्या एवढी व्यवस्था केली, तर अनेक घरांची चार-चार वर्षे वाचतील. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही: रयतेच्या पैशावर चालणारे शिक्षण रयतेच्या लेकरांना किती मिळते? त्याच प्रश्नाला आज जोडावयाचे ते इतकेच की, त्या लेकरांना विचार बदलण्याचाही हक्क आहे की नाही?