टिळक-आगरकर : भांडण नेमके कशाचे?

टिळक-आगरकर वादाचा विषय निघाला की ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हे उत्तर ठरलेलेच असते. शाळेच्या पुस्तकापासून जयंतीच्या भाषणापर्यंत ते इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याची तपासणी करावी असे कुणाला वाटत नाही. दोघे जिवलग मित्र, दोघांनाही देशाचे भले हवे, मतभेद फक्त क्रमाचा. म्हणजे भांडण तसे किरकोळच, असा दिलासाही त्या उत्तरात आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते आणि तो दिलासा खोटा वाटतो. या दोघांचे बिनसले ते पुढाऱ्याने लोकांशी कोणत्या नात्याने वागावे या प्रश्नावर. क्रमाची अदलाबदल करून तो सुटणारा नव्हता.

‘आधी-नंतर’चा सिद्धांत पुराव्यापुढे टिकत नाही. आगरकर राजकारणाबाबत उदासीन असते तर जानेवारी १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले नसते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, असे छापल्याबद्दल १८८२ साली दिवाण बर्वे यांच्या बदनामीचा खटला झाला, तेव्हा टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढणारेही आगरकरच होते. पुढे स्वतःच्या ‘सुधारक’ पत्रातही त्यांनी इंग्रज राज्यकर्त्यांवर टीका करण्यात हात आखडता घेतला नाही. उलट बाजूने, टिळक सुधारणेचे सरसकट वैरी होते हेही खरे नाही. १८९० साली त्यांनी सुधारकांपुढे एक सूचना ठेवली : ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत. सोळा वर्षांची ही मर्यादा सरकारने पुढे आणलेल्या संमतिवयाच्या कायद्यातल्या बारा वर्षांपेक्षा चार वर्षांनी पुढची होती. तेव्हा एकाला सुधारणा हवी होती आणि दुसऱ्याला नको होती, असा हिशेब मांडताच येत नाही.

फरक कुठे होता, हे त्या सूचनेतच दिसते. टिळकांना सुधारणा हवी होती ती लोकांनी आपण होऊन स्वीकारलेली. पुढाऱ्याचे बळ लोकांच्या संमतीत असते, म्हणून त्याने समाजाच्या चार पावले पुढे असावे, पण मागे वळून पाहिल्यावर समाज दिसणार नाही इतके दूर जाऊ नये, अशी त्यांची धारणा होती. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण अंगावर आले तेव्हा त्यांनी प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करला, तो याच धारणेतून. लोकांपासून तुटणे हे त्यांच्या दृष्टीने पुढारीपणाचा शेवट होता. आगरकरांचे गणित वेगळे होते. जे विवेकाला पटते ते स्पष्ट सांगायचे, मग ऐकणारा एक असो वा हजार. ‘केसरी’त सर्वांचे मिळून एक मत छापायचे तर आपले मत दाबावे लागते, हे असह्य झाल्यावर त्यांनी १८८७ च्या ऑक्टोबरात संपादकपद सोडले आणि वर्षभराने ‘सुधारक’ काढला. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी मऊ झाली नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. टिळक लोकमताचे आणि आगरकर एकट्याच्या विवेकाचे, असे म्हणावे, तर दोघे ज्या संस्थेत काम करत होते त्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत नेमके उलटे घडले. आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर राहावे, बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत टाळावी, हा मूळ बाणा टिळकांनी लावून धरला. बहुतेक सहकाऱ्यांना, आगरकरांनाही, ही शिस्त जाचक वाटली. सहकारी गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा वाद विकोपाला गेला आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी लांबलचक पत्र लिहून राजीनामा दिला. तिथे टिळक एकटे आणि आगरकर बहुमतात! पण हा अपवाद नाही. मूळ भेद इथेच अधिक उघड होतो. टिळकांच्या लेखी समूहाचे बंधन व्यक्तीच्या वर होते. समाजात ते बंधन रूढ लोकमताचे, संस्थेत ते घेतलेल्या व्रताचे. आगरकरांच्या लेखी माणसाचे मत, त्याचा वेळ, त्याचा संसार ही त्याची स्वतःची मालमत्ता होती, आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार ना जातीला होता, ना संस्थेला. पगाराच्या वादावरून हे सारे पैशाचे भांडण होते असे म्हणणाऱ्यांना हा धागा दिसत नाही. दोघांनीही चांगल्या सरकारी नोकरीकडे पाठ फिरवली होती. पैशाचा लोभ हे कारण दोघांनाही लागू पडत नाही.

म्हणूनच ‘दोघे परस्परपूरक होते’ हा समेटही मला मान्य नाही. संमतिवयाच्या विधेयकावर दोघांपैकी एकालाच बरोबर असणे शक्य होते. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी ही अकराएक वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे कायद्याने नवऱ्यावर बलात्काराचा आरोप टिकू शकत नव्हता. संमतीचे वय दहावरून बारा करण्याचे विधेयक त्यानंतर आले आणि मार्च १८९१ मध्ये मंजूर झाले. टिळकांनी त्याला कसून विरोध केला, आगरकरांनी तितक्याच निष्ठेने पाठिंबा दिला. परक्या सरकारला आपल्या घरात हात घालू देऊ नये, हा टिळकांचा मुद्दा पोकळ नव्हता. लोकांना न पटलेला कायदा कागदावर राहतो हेही खरे, आणि या कायद्याची अंमलबजावणी नाममात्रच झाली. पण सतीबंदी १८२९ सालची आणि विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. दोन्ही परक्या सरकारचेच, आणि त्यांनी धर्म बुडाला नाही. शिवाय लोकमत तयार होईपर्यंत थांबायचे, तर त्या काळात मरणाऱ्या मुलींना उत्तर कोण देणार? ज्या पुढारीपणाचा सारा आधार संमतीवर आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, कारण त्या मुलींची संमती कुणी विचारलीच नव्हती. लोकमत म्हणून जे मोजले जात होते ते घरातल्या पुरुषांचे मत होते.

आगरकरांच्या मागे लोक कुठे होते, असे कुणी विचारील. फार थोडे होते. गणेशोत्सव आणि शिवजयंतीतून टिळकांनी जो जनसमुदाय उभा केला, तो आगरकरांच्या पद्धतीने कधीच उभा राहिला नसता, आणि त्याशिवाय परक्या सत्तेला हादरा बसला नसता. टिळकांचे हे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण पुढाऱ्याची किंमत त्याच्या हयातीतल्या गर्दीवरच ठरवायची असेल, तर १७ जून १८९५ रोजी एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच गेलेल्या माणसाला न्याय मिळणार नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. तो मांडणारे हरविलास सारडा आपल्यातलेच होते. १९७८ साली ते वय अठरा झाले, तेही आपल्याच संसदेत. आगरकरांनी धरलेली कायद्याची वाट देशाने पुढे स्वतःहून पत्करली. १८९१ च्या प्रश्नावर आगरकर बरोबर होते आणि टिळक चुकले होते.