आल्प्सच्या गवळ्यांची मॅकरोनी

मॅकरोनी-चीज म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे येते ते पाकीट, नाहीतर हॉटेलातला पांढऱ्या सॉसमधला बाऊल. स्वित्झर्लंडमध्ये मात्र हे गवळ्यांचे जेवण आहे. त्यात पांढरा सॉस नाही, मैदाही नाही. आहे तो बटाटा. नाव जिभेला जरा वळसे घालायला लावणारे, एल्प्लरमाग्रोनन. म्हणजे आल्प्सवरच्या गवळ्यांची मॅकरोनी.

तिथले गवळी उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, गुरे घेऊन डोंगरावरच्या कुरणांत मुक्काम करतात. दूध, साय, लोणी हाताशी. चीज तर तिथेच बनते. बाकीचे सामान खालून वर न्यायचे, म्हणजे हलके आणि टिकाऊ हवे. वाळलेली मॅकरोनी या हिशेबात बरोबर बसली. आपण शेवया म्हणा की शाविगी, उन्हात वाळवून वर्षभर डब्यात ठेवतो, त्यामागचे शहाणपण हेच. १८७२ ते १८८२ या काळात गोट्टहार्डचा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खोदायला आलेल्या इटालियन मजुरांमुळे ती त्या भागात रुजली, असे सांगतात.

आता चीजचा प्रश्न. तिथे ग्रुयेर किंवा अ‍ॅपेन्झेलर वापरतात. पण अस्सल ग्रुयेर वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. शाकाहारी घरात, विशेषतः आजी-आजोबा त्याच पंगतीला बसणार असतील तर, हे आधी सांगायला हवे. मागाहून कळले तर मन दुखावते. माझ्या मते आपल्या दुकानातले हिरव्या ठिपक्याचे प्रोसेस्ड चीज खुशाल घ्यावे. त्यात कमीपणा कसला? प्रोसेस्ड चीजसुद्धा स्विसच! १९११ मध्ये थून गावात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी ते तयार केले, चीज उष्ण देशांत टिकावे म्हणून.

चौघांसाठी पाव किलो मॅकरोनी घ्या. ती रव्याची हवी, मैद्याची गिच्च होते. दोन बटाटे सोलून बोराएवढ्या फोडी करा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन कप दूध, दीड कप पाणी आणि बेताचे मीठ घालून फोडी पाच मिनिटे शिजवा. चीज खारट असते, हे मीठ घालताना लक्षात असू द्या. मग मॅकरोनी घालून मंद आचेवर अधूनमधून ढवळत राहा, दूध बुडाला फार लवकर लागते. आटले तर गरम पाणी घाला. मॅकरोनी आणि बटाट्याचा स्टार्च दुधात उतरतो आणि तोच रस दाट करतो. म्हणून मॅकरोनी वेगळी उकडून पाणी ओतून देऊ नये.

मॅकरोनी शिजली की गॅस बंद करा. मगच अर्धी वाटी साय आणि दीडशे ते दोनशे ग्रॅम किसलेले चीज घाला. उकळत्यात घातले तर चीजचे तूप सुटून तंतू होतात. वरून मिरपूड आणि किंचित जायफळ.

कांद्याला मात्र घाई चालत नाही. दोन मोठे कांदे उभे चिरून लोण्यावर वीस मिनिटे तरी परता, बिर्याणीला करतो तसे तांबूस, आणि वाढताना वर पसरा.

सोबत सफरचंद हवेच. तीन सफरचंदे सोलून, चमचाभर साखर, दालचिनीचा तुकडा आणि थोडे पाणी घालून मऊ शिजवा व घोटा. जेवणात गोड कशाला, असे पोळीबरोबर गुळांबा खाणाऱ्यांनी तरी विचारू नये! खारट, तुपकट घासानंतर त्या आंबटगोड चमच्याने तोंड स्वच्छ होते. ते वेगळ्या वाटीत द्या, ज्याला हवे तो कालवून घेईल.

गरम असतानाच वाढा. उरलेले थंड होऊन घट्ट गोळा होते. तव्यावर दुधाचा हबका मारून परतले की खालची खरपुडी कुणाला द्यायची, यावरून मुलांची भांडणे होतात.